एकतिसावा झोका

वयाच्या अठराव्या वर्षी मी पृथ्वीचं गुरुत्वाकर्षण खोडरबरानं दुरुस्त केलं.

बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाची प्रात्यक्षिक परीक्षा होती आणि माझ्या वाट्याला लंबक आला होता. दोऱ्याला पितळी गोळा टांगायचा, झोका द्यायचा, तीस झोक्यांना किती वेळ लागतो ते घड्याळावर पाहायचं, आणि त्यावरून पृथ्वी वस्तूंना किती जोरानं आपल्याकडं ओढते तो आकडा काढायचा. पुस्तकात तो ९८० असा छापलेला. माझा आला १०४९. आता एवढी मोठी पृथ्वी चुकणार नाही, हे मला कळत होतं. पुस्तक तर छापलेलंच असतं, तेही चुकणार नाही. राहता राहिले मी. मग मी पेन्सिलीनं लिहिलेले तीन कच्चे आकडे खोडले, उत्तर ९८० यावं म्हणून वेळ किती हवा ते उलटं गणित करून काढलं, आणि तिन्ही ओळींत तोच वेळ माझ्या मोत्यासारख्या अक्षरात लिहून टाकला. साठ पूर्णांक दोन सेकंद. साठ पूर्णांक दोन. साठ पूर्णांक दोन. वरून शाई फिरवली. तेव्हा माझं डोकं फार थंड असे, कारण आत फारसं काही चालू नसे.

खोडरबर उचलण्याआधी मी एका माणसाचा विचार करायला हवा होता. तो माणूस म्हणजे आमचे फिजिक्सचे सर.

सर आदिलाबादच्या जुन्या मराठी घरातले. त्यांचे वडील निजामाच्या काळात तहसील कचेरीत पेशकार होते, त्यामुळं घरात सगळा कारभार कचेरीच्या भाषेत चाले. सरांनी फिजिक्स घेतलं तरी ती भाषा काही सुटली नाही. प्रयोगशाळेचं दार उघडलं की ते खुर्चीत बसून विचारायचे, "गवाह हाजिर हायेत का?" गवाह म्हणजे आम्ही नव्हे. गवाह म्हणजे प्रयोगाचे आकडे. एक मोजमाप तीनदा घ्यायचं, म्हणजे तीन गवाह. आणि ते तीन गवाह थोडे थोडे वेगळे बोलले पाहिजेत. एक म्हणाला अठ्ठावन्न, दुसरा म्हणाला अठ्ठावन्न पूर्णांक चार, की सर खूश. तिघांनी एकच शब्द उच्चारला की सरांच्या भुवया वर जात.

"पटेल," ते त्या मुलाला म्हणत, "तिन्ही गवाह एकच जबाब देऊन राह्यले. घरून पढवून आणले का?"

मुलांना ते सरसकट 'पटेल' म्हणायचे आणि मुलींना 'बाई'. नाव विचारण्याच्या भानगडीत कधी पडले नाहीत. उत्तर बरोबर आलं म्हणून त्यांनी कुणाला शाबासकी दिल्याचं मला आठवत नाही. बरोबर आलं की म्हणायचे, "पुन्हा करा." चूक आलं की मात्र खुर्ची ओढून शेजारी बसत आणि ते चूक उत्तर असं निरखत, जणू घरी पाहुणा आला आहे आणि कुठल्या गावचा ते ओळखायचं आहे.

खिशात पेनाच्या जागी ट्यूनिंग फोर्क असे, गुडघ्यावर आपटला की गुणगुणणारा दोन दांड्यांचा पोलादी चिमटा. भांड्यांच्या दुकानात गेले तर तो पितळी हंड्याला टेकवून ऐकत बसायचे. दुकानदार एकदा म्हणाला, "सर, लेना है कि नहीं?" सर म्हणाले, "ठहरो, बोल रहा है." स्टाफरूममध्ये त्यांनी तोच चिमटा चहाच्या कपात बुडवला आणि प्राचार्यांच्या पांढऱ्या शर्टावर लहरींचा धडा उमटवला, असं मी ऐकून आहे. मी तेव्हा तिथं नव्हते. असते तर पहिल्या बाकावर बसून वहीत लिहून घेतलं असतं: चहा, शर्ट, ठिपके सोळा.

त्यांच्या बायकोनं मला पुढं एकदा सांगितलं, "आमच्या लग्नात अंतरपाट धरेल व्हता, तवा यायनं मधातच टाळ्या वाजवल्या. एक, दोन, तीन, थांबून थांबून. मले वाटलं, मानसाले लग्नाची लयच घाई दिसते. मंग समजलं, समोरच्या भिंतीवरून आवाज किती वेळानं वापस येते ते पाह्यत व्हते."

"मग?"

"मंग काय. मंडप भिंतीपासून किती लांब हाय ते सांगतलं. नवरीकडं पाह्यलं नाई."

मंचेरियलला सरांची बहीण राहायची. तिकडं जाताना ते बसमध्ये खिडकीच्या दांडीला दोऱ्यानं एक लोखंडी नट टांगत आणि त्यामागं कोनमापक धरून बसत. बस सुटली की नट मागं, ब्रेक लागला की नट पुढं. जितका नट तिरका, तितका वेग वाढला किंवा घटला, हे ते वहीत उतरवून घेत. इंद्रवेल्लीच्या पुढं वळणं सुरू झाली की तो नट चारी दिशांना सलाम करी. कंडक्टरला वाटलं, हा दृष्ट काढायचा काही प्रकार आहे. त्यानं ड्रायव्हरला सांगितलं, आणि पुढच्या थांब्यावर ड्रायव्हर स्वतः मागं आला.

"साब, मेरे लिए भी एक बाँध दो ना."

"मी तुमच्या ब्रेकचा पंचनामा करून राह्यलो," सर म्हणाले. तरी उतरताना नट त्याला देऊन आले.

आमच्या वर्गात आम्ही दोघीच मुली. एक मी. वडील कलेक्टर कचेरीत नोकरीला, दोन वेण्या, शाईचं पेन, खाकी कागदाचं कव्हर घातलेली वही, आणि आदिलाबादमध्ये माझ्याएवढं हुशार कुणी नाही असा समज. तो समज घरच्यांनी जोपासला होता, मी फक्त पाणी घालत होते. दुसरी सुभद्रा. तलमडुगुकडच्या एका खेड्यातली, घरी कापूस आणि ज्वारी. वसतिगृहात राहायची. तिच्या थोरल्या भावानं तिला स्पष्ट सांगून ठेवलं होतं: एकदा नापास झालीस की पेटी उचलायची आणि घरी यायचं. तो दुष्ट नव्हता. घरात आणखी दोघं शिकायची होती, आणि एकाला दोनदा शिकवणं त्याला परवडणारं नव्हतं.

लंबकाचा प्रयोग आम्ही पहिल्यांदा केला तेव्हा गोळा सोडतानाच मी "एक" म्हटलं. सुभद्रानं गोळा सोडला आणि म्हणाली, "लाभ." मग गोळा परत आला तेव्हा "एक". मी खो खो हसले. तिच्या घरी धान्य मोजताना पहिल्या मापाला एक म्हणत नाहीत, लाभ म्हणतात, आणि ती सवय तिनं प्रयोगशाळेत आणली होती. थोडी इकडची तिकडं करून.

सर उठून आले. माझा आकडा पाहिला, तिचा पाहिला.

"बाई," ते मला म्हणाले, "तुमी एक झोका खाल्ला."

"मी?"

"गोळा सुटला तवा झोका झालाच नाई, अन् तुमी त्याले एक म्हणून राह्यले. तीस म्हणता म्हणता झोके एकोणतीसच झाले. एका झोक्यानं पृथ्वीचं वजन वाढवलं तुमी." मग सुभद्राकडं वळून म्हणाले, "शून्याले कोणी नाव देत नाई. यायनं दिलं. आजपासून सगळ्यायनं गोळा सोडताना लाभ म्हणायचं."

त्या दिवसापासून आमच्या प्रयोगशाळेत तीस धडधाकट पोरं "लाभ" म्हणत पितळी गोळे सोडायची. मी मात्र म्हणत नसे. ओठ नुसते हलवायची.

लहरी शिकवायला सर आम्हाला वर्गाबाहेर घेऊन गेले होते. तलमडुगुच्या रस्त्याला ज्वारी निसवली होती. वारा आला की कणसांवरून लाट या टोकाकडून त्या टोकाला पळायची. सरांनी मला विचारलं, "बाई, ती लाट कुठं गेली?" मी हात मागं बांधून पुस्तकातली व्याख्या इंग्रजीत धडाधडा म्हटली, स्वल्पविरामासकट. सर ज्वारीकडंच पाहत होते. सुभद्रा म्हणाली, "लाट बांधापोत गेली, सर. ज्वारी जागच्या जागीच हाय."

"हे लिहून घ्या," सर म्हणाले.

मग त्यांनी आम्हा सगळ्यांना रस्त्याकडेला एका रांगेत उभं केलं. पहिल्यानं दुसऱ्याला खांद्यानं हलकेच ढकलायचं, दुसऱ्यानं तिसऱ्याला, म्हणजे धक्का पुढं जाईल आणि माणूस जागेवर राहील. शेवटी मी होते. मुलांनी हलकेच या शब्दाचा अर्थ आपापल्या परीनं लावला. लाट व्यवस्थित माझ्यापर्यंत पोहोचली, आणि माध्यम नालीत गेलं.

पण सरांचं सगळ्यात आवडतं खूळ म्हणजे सावली. प्रयोगशाळेची पश्चिमेची भिंत त्यांनी स्वतः चुना लावून पांढरीशुभ्र करून घेतली होती, आणि तिथं कुणालाही नकाशा टांगू देत नसत. सकाळी पूर्वेच्या खिडकीतून तिरपं ऊन आत आलं की ते सायकलचं एक चाक स्टँडवर लावत, त्याच्या कडेला कागदाचा गोळा चिकटवत आणि चाक फिरवत. "चाकाकडं पाहू नका, भितीकडं पाहा." भिंतीवर त्या गोळ्याची सावली नुसती इकडून तिकडं, तिकडून इकडं जायची, अगदी लंबकासारखी. गोल फिरणाऱ्याची सावली झोके घेते. मला त्यात काही विशेष वाटलं नव्हतं. परीक्षेत दोन गुणांना यायचं ते.

आता घड्याळं. झोके मोजायला कॉलेजात तीन घड्याळं होती. एक नंबरचं पुढं पळायचं. दोन नंबरचं तिरकं धरलं की थांबायचं. तीन नंबरचं मिनिटाला बरोबर दोन सेकंद मागं राहायचं. बरोबर चालणारं एकही नव्हतं. दुरुस्तीला द्यायचं सर नाव काढत नसत. रेडिओवर बातम्यांआधी टिकटिक होते तिच्याशी ताडून त्यांनी तिघांच्या खोडी एका चिठ्ठीवर लिहिल्या होत्या आणि ती चिठ्ठी कपाटाच्या दाराला आतून चिकटवली होती. ते मुलाचं उत्तर नुसतं वाचून सांगायचे, "पटेल, तुमच्याकडं तीन नंबरचं घड्याळ होतं." पोरांना वाटायचं, सरांना काही विद्या अवगत आहे. मला वाटायचं, खिडकीतून पाहत असतील.

सुभद्रा मला म्हणाली होती, "तीन नंबर मागं राह्यते वं."

"सरकारी घड्याळ आहे," मी म्हणाले, "मागं कसं राहील?"

हे वाक्य मला आजही आठवतं, बसस्टँडवर उभी राहून बसची वाट पाहताना विशेष.

परीक्षेच्या दिवशी सकाळच्या पहिल्या तुकडीत आम्ही दोघीही. आधी सुभद्राला लंबक मिळाला, तिचं झाल्यावर त्याच टेबलावर मला. घड्याळ तेच, तीन नंबरचं. तिनं जे दिसलं ते लिहिलं: अठ्ठावन्न, अठ्ठावन्न पूर्णांक चार, अठ्ठावन्न पूर्णांक दोन. उत्तर १०४९. खाली एक ओळ लिहिली, की घड्याळ मागं राहतं असं वाटतं. मी काय लिहिलं ते सुरुवातीलाच सांगून बसले आहे.

बाहेर कडुनिंबाखाली बसलो असताना मी तिला विचारलं, "तुझं किती आलं?"

"हजार एकोणपन्नास. तुझं?"

"नऊशे ऐंशी."

"त्याच घड्याळावर?" ती माझ्याकडं पाहत राहिली. "कसं काय वं?"

"मोजायला हात साफ लागतो," मी म्हणाले.

तेवढ्यात तिला आत बोलावणं आलं. परत आली ती चेहरा कोरा करून. बाहेरून आलेले परीक्षक म्हणाले होते, उत्तर एवढं चुकलंय, आणि वर घड्याळाचा बहाणा. "सर माह्याकडून बोलून राह्यले," ती म्हणाली, "पन त्यायनं लाल पेनानं लिहून बी टाकलं. नापास." तिनं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं आणि सोडलं, गुंडाळलं आणि सोडलं. "दादाले काय सांगू?"

मी काही बोलायच्या आत मला बोलावलं. खरं सांगायचं तर आत जाताना मला बरंच वाटत होतं. वाटलं, माझं कौतुक करायचं असेल.

परीक्षकांसमोर माझा पेपर उघडा होता. सर कपाटाशी उभे, हातात ती चिठ्ठी.

"अम्मा," परीक्षक गोड आवाजात म्हणाले, "कौन सी घड़ी ली थी?"

"तीन नंबर, सर," मी सोडतीत आलेला नंबर सांगावा तसं सांगितलं.

ते सरांकडं वळले. "देखो सर. घड़ी वही, लंबक वही, टेबल वही. इसका नौ सौ अस्सी बराबर आया. घड़ी सुस्त है, तो इसके लिए सुस्त क्यों नहीं है? और चिट्ठी तो आपकी खुद की लिखी हुई है."

त्या वेळी मला एकाच दमात सगळं कळलं. घड्याळ खरंच मागं होतं, माझं पहिलं उत्तर खरं होतं, सुभद्राचंही खरं होतं, आणि तिच्याविरुद्ध उभी असलेली एकमेव गवाह मी होते. तीन ओळी, एकच जबाब, सुंदर अक्षर.

सरांनी माझ्या पेपरवर नजर टाकली. साठ पूर्णांक दोन, तीनदा. त्यांच्या भुवया वर गेल्या आणि खाली आल्या. मग परीक्षकांना म्हणाले, "साहेब, तुमच्या हातातल्या घड्याळासोबत लावून पाहा ना."

"मेरी घड़ी इम्तिहान देने नहीं आई."

"मंग बाई पुन्हा मोजतील. गवाह हाजिरच हाय."

"सरे, सरे," परीक्षक तेलुगूत 'बरं, बरं' म्हणाले. "तीस झोके. जल्दी." परीक्षकांनी चहाचा कप ओढला आणि दुसऱ्या पेपरांच्या बेरजा करायला घेतल्या.

सर टेबलाशी आले. दोऱ्याची लांबी पट्टीनं पाहिली, घड्याळ माझ्या हातात दिलं. "मोजा बाई. मनात मोजा. मोठ्यानं मोजलं तर साहेबांच्या बेरजा चुकतील." आणि हात पाठीमागं बांधून ते पांढऱ्या भिंतीकडं तोंड करून उभे राहिले. माझ्याकडं पाठ, लंबकाकडं पाठ. खिडकीतलं ऊन त्यांच्या मानेवर पडलं होतं.

मी गोळा सोडला. मनात म्हणाले, लाभ. आयुष्यात पहिल्यांदा.

झोके सावकाश असतात. एका झोक्याला दोन सेकंद. वीसपर्यंत मी नुसती मोजत होते. त्यानंतर माझ्या त्या थंड डोक्यात गणित सुरू झालं. तिसावा झोका संपेल तेव्हा हे घड्याळ अठ्ठावन्न दाखवील. आणखी एक झोका जाऊ दिला तर दाखवील साठ. म्हणजे माझं ९८०. कुणी मोजत नव्हतं. परीक्षक बेरजा करत होते, सर भिंत पाहत होते. मी एकतीस मोजून तीस म्हटलं असतं तर कुणाला काही कळलं नसतं. माझा पहिला नंबर राहिला असता. सुभद्रा पेटी उचलून घरी गेली असती, आणि सरांची चिठ्ठी खोटी ठरली असती.

सव्वीस. सत्तावीस. अठ्ठावीस. सर हलले नाहीत. एकोणतीस.

तीसला मी अंगठा दाबला.

असं का केलं, हे नातवंडांना मी आजवर तीन प्रकारे सांगितलं आहे. थोरल्याला सांगितलं, की सुभद्राचा चेहरा डोळ्यांपुढं आला. मधल्याला सांगितलं, की सरांच्या पाठीची भीती वाटली. धाकटीला सांगितलं, की अंगठा घामानं घसरला. तिन्ही गवाह वेगवेगळं बोलतात, म्हणजे त्यातल्या त्यात खरे असावेत.

"अठ्ठावन्न पूर्णांक दोन," मी वाचलं. माझा आवाज मलाच दुसऱ्या कुणाचा तरी वाटला.

परीक्षकांनी कप खाली ठेवला. घड्याळ घेतलं, माझ्याकडं पाहिलं, माझ्या पेपरकडं पाहिलं. मग मनगटावरचं आपलं घड्याळ सोडलं आणि तीन नंबरशेजारी ठेवलं. दोन मिनिटांत तीन नंबर चार सेकंद मागं पडलं. त्यांनी सुभद्राचा पेपर ओढला, लाल आकडा खोडला आणि नवा लिहिला. मग माझा उचलला.

"और ये क्या है, अम्मा?"

मी जमिनीकडं पाहत होते. फरशीवर एक मुंगी सरळ रेषेत समान वेगानं चालली होती. तिच्यावर कुठलंही बाह्य बल लागू नव्हतं. मला तिचा हेवा वाटला.

"पहिला जबाब खोडा साहेब," सर म्हणाले. अजून भिंतीकडंच तोंड. "दुसऱ्या जबाबावर मार्क द्या. दुसरा तुमच्यासमोर झाला."

त्यांनी दिले. पास होण्याला लागतात तेवढे, एकही जास्त नाही. फिजिक्सचा पहिला नंबर त्या वर्षी सुभद्राचा आला. घरी मी सांगितलं, घड्याळ बिघडलेलं होतं. माझ्या बोलण्यात त्या दिवशी तेवढंच खरं होतं.

सुभद्राला मी कडुनिंबाखाली सगळं सांगून टाकलं. ती दोन दिवस बोलली नाही. तिसऱ्या दिवशी डब्यातली ज्वारीची भाकरी मोडून अर्धी माझ्यापुढं ठेवली आणि विचारलं, "सोडताना लाभ म्हन्लं का?"

"म्हटलं."

"मंग ठीक हाय."

पुढं ती शिक्षिका झाली आणि तलमडुगुकडच्याच एका शाळेत मुलांना विज्ञान शिकवत राहिली. तिच्या वर्गात लंबक सोडताना काय म्हणतात, हे मी विचारलं नाही. मला माहीत आहे.

गेल्या दसऱ्याला मी धाकट्या नातीला घेऊन सरांकडं सोनं द्यायला गेले. त्यांनी ऐंशी ओलांडली आहे. कानांनी दगा दिला, तरी ट्यूनिंग फोर्क गुडघ्यावर आपटून कानामागच्या हाडाला टेकवतात आणि म्हणतात, "हाडानं अजून साफ ऐकू येते." ओसरीत छताला दोरा आणि पितळी गोळा टांगलेला. नातीनं तिच्या फोनवर त्याचे झोके मोजले, आणि फोननं उत्तर काढलं: ९७८.

"आजी, चुकलं," ती म्हणाली. "पुस्तकात नऊशे ऐंशी आहे."

"ते पुस्तकाच्या गावचं," सर म्हणाले. त्यांना हाडानं ऐकू आलं असावं. "आदिलाबादचं नऊशे अठ्ठ्याहत्तर अन् वर थोडं. पुन्हा करा, बाई."

ती पुन्हा करायला लागली. पोरगी मोजण्यात गुंतली तसं मी, इतक्या वर्षांनी, खुर्ची त्यांच्या कानाशी ओढून विचारलं. सर, त्या दिवशी तुम्ही पाठ फिरवून का उभे राहिलात? मी एकतीस मोजले असते तर?

त्यांनी ओसरीतल्या गोळ्याकडं पाहिलं. मला वाटलं, ऐकू गेलं नाही. मी पुन्हा विचारणार, तेवढ्यात म्हणाले,

"सावली भितीवर दिसतच होती, बाई. तीसपोत मोजली, अन् मंग म्या डोये मिटून घेतले."